पेपर छापला, पण वाचून कुणाला दाखवला?

‘मॅडम, आमच्या जर्नलचा विशेषांक निघतोय. पर्यावरण, शिक्षण, इतिहास, वाणिज्य, साहित्य, कुठलाही विषय चालेल. फी १२००. सर्टिफिकेट दोन दिवसांत मेलवर.’

असा मेसेज मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी येतो. प्राध्यापकांच्या नंबरांच्या याद्या हातोहात फिरत असतात आणि एकदा त्यात गेलेलं नाव बाहेर निघत नाही. आता मी असे मेसेज हसून पुसून टाकते. पण नोकरीत असताना मीही असे पेपर दिलेत, फी भरलीय, सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावलंय. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ती वरून केलेली टीका समजू नका.

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी भूगोल शिकवला. तिथून जवळच्याच एका कॉलेजातली परिषद आठवते. पर्यावरण, शिक्षण आणि मानवी इतिहास असं सगळं एका बॅनरवर मावलेलं. सकाळी दहाची वेळ दिलेली, दीपप्रज्वलन पावणेबाराला झालं. शाल, श्रीफळ, रोपटं, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं बीजभाषण आणि संस्थाचालकांचं मनोगत. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. जिलेबी-मठ्ठा झाल्यावर पेपरवाचन, प्रत्येकी पाच मिनिटं. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावच्या विहिरींचा अभ्यास घेऊन गेले होते. ३६ विहिरी, दोन उन्हाळे, दोन पावसाळे. तक्ता पडद्यावर आला तसे सत्राध्यक्ष म्हणाले, ‘मॅडम, तक्ते नकोत, थेट निष्कर्षावर या.’ निष्कर्ष सांगितला. टाळ्या पडल्या. समोर पंधरा-वीस जण होते. त्यातल्या बहुतेकांचे पेपर माझ्यानंतर होते आणि ते आपापल्या पेनड्राइव्हशी चाळा करत बसले होते. ज्या गावाबद्दल मी बोलत होते ते तिथून १४ किलोमीटरवर. आपल्या विहिरींवर आज कुणीतरी टाळ्या घेतल्या, हे त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पेपर इंग्रजीत छापून आला. त्याबद्दल पुढे मला कुणी एक प्रश्न विचारला नाही, वाद घातला नाही, चूक काढली नाही. आणि त्यात चूक होती. ती कशी सापडली ते शेवटी सांगते.

आपल्याकडे संशोधनाच्या दर्जाबद्दल ओरड नवी नाही. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली आणि पेपर म्हणजे गुण असं समीकरण झालं. गुण हवेत म्हटल्यावर ते पुरवणारी दुकानं निघणारच. मग आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी त्या यादीतली, विद्यापीठांच्याच शिफारशीने आलेली नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यातली सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात यादीतून काढली, त्यानंतर ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि २०२५ च्या सुरुवातीला तीही बंद केली. पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती तर २०२२ च्या नियमांतच गेली होती. म्हणजे पंधरा वर्षं आपण यादी करणं आणि यादी मोडणं यातच घालवली.

यादीने हे सुटणार नाही असं मला वाटतं, कारण रोग बोगस नियतकालिकांचा नाहीच. ती लक्षणं आहेत. या संशोधनाला ऐकणारा नाही, हा रोग आहे. ज्याला काही तोटा होईल, ज्याचं काही बिघडेल, असा माणूस समोर बसलेला नसला की लिहिणारा सैल पडतो. मीही पडले.

यावर कुणी म्हणेल, सगळंच संशोधन लोकांना वाचून दाखवण्यासारखं नसतं. मान्य. गणितातलं प्रमेय घेऊन कुणी पारावर जाऊ नये. पण पर्यावरण, शिक्षण आणि माणसाचा भूतकाळ हे तीन विषय निराळे आहेत. त्यांचा कच्चा माल लोकांच्या घरातून येतो. विहीर त्यांची, शेत त्यांचं, शाळेतलं पोर त्यांचं, माळ्यावर बांधून ठेवलेलं आजोबांचं मोडी दप्तर त्यांचं. आपण तिथे जातो, चहा पितो, प्रश्नावली भरून घेतो, फोटो काढतो आणि निघतो. माल उचलला, पोच दिली नाही. बाजार समितीत असं कुणी वागलं तर अडत्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येणार नाही.

आता नाशिकजवळच्या पांडवलेण्यांकडे चला. मी वर्गाला दरवर्षी न्यायची. पायऱ्या चढून पोरं दमली की आधी सेल्फी, मग लेणं. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला ४२ व्या वर्षाचा, वैशाख महिन्याचा लेख मला सगळ्यात आवडतो. त्यात ना युद्ध आहे ना फारशी बढाई, आहे तो निव्वळ हिशेब. उषवदाताने हे लेणं संघाला दिलं आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) ‘अक्षयनीवी’ दिली. अक्षयनीवी म्हणजे मुदलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं अशी ठेव. ही रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेवली. एका श्रेणीकडे २,०००, व्याज शेकडा दरमहा एक. दुसरीकडे १,०००, व्याज शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

पोरांना मी तिथेच दगडावर बसवून हा हिशेब करायला लावायची. २,००० वर महिना २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. जुळलं की एखाद्या मुलीचा चेहरा उजळायचा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हेच गणित मांडलं होतं आणि ते बरोबर होतं.

पण त्या लेखातली माझ्या मते मोलाची ओळ पुढे आहे. हे सगळं निगमसभेत ऐकवलं, आणि फलकवारात रिवाजाप्रमाणे नोंदवलं, असं तो लेख सांगतो. निगमसभा म्हणजे गावातल्या व्यापारी-कारागिरांची सभा, फलकवार म्हणजे दप्तरखाना. आधी लोकांना ऐकवलं, मग नोंदवलं, आणि वर दगडात कोरलं. तेही राजदरबारी अलंकारात नाही, प्राकृतात. राजाच्या जावयाला काही अडलं नव्हतं. दान दिलं, संपलं. तरी त्याला ते सभेत वाचून घ्यावंसं वाटलं, कारण पैसे ज्यांच्याकडे राहणार होते ते विणकर त्या सभेत बसले असणार. ऐकलेल्या गोष्टीचं नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

याच लेणीसमूहात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशीच ठेव. ती कुंभार, तेली आणि ‘ओदयंत्रिक’ यांच्या श्रेणींकडे ठेवलेली. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. म्हणजे ज्या काळाची आपण युद्धं आणि वंशावळी पाठ करतो त्या काळात नाशकात पाण्याच्या कामाचे कारागीर संघटित होते आणि त्यांची पत एवढी होती की दवाखान्याचा पैसा त्यांच्याकडे ठेवावा. हा लेख इतिहासाच्या पेपरला घ्यायचा, पर्यावरणाच्या की वाणिज्याच्या, हे परिषदेच्या आयोजकांना विचारून बघा.

गोवर्धन कुठे गेलं? कुठेच नाही. शहराच्या पश्चिमेला, सोमेश्वरच्या पुढे गोवर्धन-गंगापूर आहे, आणि लेखांतलं गोवर्धन हेच असं जुन्या गॅझेटिअरपासून मानलं जातं. त्याला लागून गंगापूर धरण. गोदावरीच्या याच पट्ट्यात गंगावाडीला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना पुराश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली, त्यावरचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. आणि त्याच परिसरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. दुचाकीवरून तासाभरात फिरून होईल एवढ्या जागेत माणसाची आदिम हत्यारं, विणकरांच्या पेढ्या, शहराला पाणी पाजणारं धरण आणि शिक्षण सुटलेल्यांना परत आत घेणारं विद्यापीठ. मी वर्गात विचारायची, गंगापूर धरण कुणी पाहिलंय? सगळे हात वर. तिथे काय काय आहे? भजी, कणीस, बोटी. दगडी हत्यारांबद्दल एकाही पोराने कधी ऐकलेलं नसायचं. दोष पोरांचा नाही. हत्यारं अभ्यासासाठी पुण्याला डेक्कन कॉलेजकडे गेली, ते योग्यच झालं. तज्ज्ञ तिथे होते. पण त्यांच्याबद्दलचं ज्ञान परतीच्या गाडीत कधी बसलंच नाही. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीचंही तेच. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं. नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे यांचा एकत्र अहवाल १९५५ मध्ये आला आणि जोर्वेच्या खापरांवरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. सराफ बाजारात उभं राहून दहा जणांना विचारा. नऊ जण गढी दाखवतील, खालचे थर कुणी सांगणार नाही.

हे तीन विषय वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्याने काय बिघडतं, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावने देऊन ठेवलंय. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, १९६८ ते १९८३ अशी एका ताम्रपाषाणयुगीन वस्तीची वर्षानुवर्षं खणती. तिथे फक्त भांडी मोजली नाहीत. जळकं धान्य, प्राण्यांची हाडं, घरांचे आकार, पाणी वळवायला केलेला बांध, लहान मुलांची दफनं, सगळं मोजलं. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या दिसतात आणि गरिबी दिसते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याची सांगड कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी घातली. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, ते असो. पण वाद घालता येतो, कारण नोंदी आहेत. बारीक, कंटाळवाण्या, हंगामामागून हंगाम केलेल्या नोंदी. एका हंगामात पाच पेपर काढायची घाई असती तर इनामगाव झालंच नसतं.

आता आजच्या सुरगाण्यात या. पाऊस धो-धो, पण पाणी नार, पार या नद्यांतून समुद्राकडे पळतं आणि एप्रिल-मे मध्ये बाया हंडे घेऊन विहिरीत उतरतात. ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या खाली येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग काढणी. पोरं कधी आजीकडे राहतात, कधी बरोबर येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतला हजेरीपट काढून बघा. कुठल्या आठवड्यात कोण गेलं, कधी परतलं, कोण परतलंच नाही, सगळं गुरुजींच्या अक्षरात लिहिलेलं आहे. एखाद्या शाळेचा तीस वर्षांचा हजेरीपट आणि त्याच तालुक्याच्या पावसाचे आकडे शेजारी ठेवले तर जे दिसेल ते शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही प्रश्नावलीत येणार नाही. पण आपण काय करतो? बी.एड. च्या शंभर विद्यार्थ्यांना ‘तुम्हाला पर्यावरणाची जाणीव आहे का?’ असं विचारतो. कोण नाही म्हणेल हो? निष्कर्ष, जाणीव समाधानकारक आहे.

जुनी रजिस्टरं काय असतात ते २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळलं. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी शाळांची जनरल रजिस्टरं, महसुलाची दप्तरं, जन्ममृत्यूच्या वह्या धुंडाळल्या गेल्या. मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं काहीही मत असो, एक मात्र झालं. त्या पिवळ्या कागदावरच्या एका शब्दाने घरातल्या पोराचं कॉलेज ठरतं हे लोकांनी पाहिलं. वाळवीने खाल्लेल्या दप्तरासाठी माणूस रडला. इतिहासाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं सांगून जे पटवू शकले नाहीत ते सहा महिन्यांत पटलं.

नोंद खरी कशी होते, हे मला निफाडच्या एका बागाईतदाराने नकळत शिकवलं. त्यांच्या ओसरीवर फवारणीची वही टांगलेली असते. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, फवारणी कुणी केली, काढणीआधी किती दिवस सोडायचे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले. ज्यांनी तो फटका खाल्ला त्यांच्या वहीत पुढे पान कोरं राहिलं नाही. ‘वही खोटी लिहिली तर?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘कुणाशी खोटं बोलायचं, मॅडम? रिपोर्ट यायचाय.’ दहावी शिकलेला माणूस. त्याची वही वाचली जाते, पडताळली जाते आणि चुकली तर त्याचा माल परत येतो. माझ्या पेपरांपैकी किती पेपरांची अशी पडताळणी झाली? शून्य.

इथे माझ्याच मुद्द्याला एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. नोंद म्हटलं म्हणजे सगळं सुधारलं असं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या ठरवल्या. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञाने ही कल्पना लोकांच्या ज्ञानाला मान मिळावा म्हणून मांडली होती. बरीच वर्षं फारसं काही झालं नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाही तर राज्याला महिन्याला १० लाखांचा दंड. मग काय, धडाधड वह्या तयार. मी पाहिलेल्या दोन गावांच्या वह्यांत झाडांच्या याद्या अक्षरशः एकच होत्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. गावकऱ्यांना वही दाखवली तर म्हणाले, ‘ही आमच्या गावची?’ वही होती, फलकवार होता. निगमसभा झाली नव्हती.

म्हणून दोन्ही लागतं. आणि माझं साधं म्हणणं असं की प्रत्येक कॉलेजने आपल्या परिसरातली एकच गोष्ट धरावी आणि ती सोडू नये. पंचवीस वर्षं. एखाद्याने दहा विहिरी धराव्यात, एखाद्याने एका शाळेचा हजेरीपट, एखाद्याने बोली. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजातल्या आज्यांच्या तोंडची पाण्याची आणि पिकांची नावं तरी उतरून ठेवा. अंजनेरीजवळच्या कॉलेजने तर डोळे मिटून अंजनेरी धरावी. तिथल्या डोंगरावरून ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही वनस्पती २००६ मध्ये जगाला कळली, २०१७ मध्ये डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि पायथ्याला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. ते वाचायला शिकवणारी माणसं आपल्या जिल्ह्यात, आणि आपण इतिहासाच्या सहलीला वेरूळला जातो. (वेरूळला जाऊ नका असं नाही. पण आधी घरचं.)

शहरातल्या कॉलेजांना गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरे. पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत, ‘दुतोंड्याच्या कुठवर आलंय?’ विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा. गंगापूरमधून किती सोडलं हे पाटबंधारे खातं सांगतं, पाणी किती चढलं हे मारुती सांगतो. या दोन मोजमापांचा पुरामागून पूर भरत गेलेला एक साधा तक्ता गोदाघाटावर लावलेला मला हवा आहे. कुठल्याही कॉलेजचा भूगोल विभाग तो करू शकतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या, असं आपण म्हणतो. ती रेषा आखायला लांबलचक नोंदी लागतात, आणि तिच्यावरून घरं पडतात किंवा उभी राहतात. २०१६ च्या २ ऑगस्टला ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना या तक्त्याचं महत्त्व सांगावं लागणार नाही.

२०२७ च्या कुंभमेळ्यासाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं तोडायचा विषय २०२५ च्या अखेरीला पेटला, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना एकच विचारत होत्या: कुठली झाडं, किती जुनी, देशी की परदेशी, कुणी लावली? पालिका एक आकडा सांगे, आंदोलक दुसरा. एखाद्या वनस्पतिशास्त्र विभागाने तपोवनाची झाडं वर्षावर्षाला मोजून ठेवली असती आणि दर वर्षी गोदाकाठी लावली असती तर भांडण झालंच नसतं असं मी म्हणत नाही. पण ते निदान झाडांवरून झालं असतं, आकड्यांवरून नाही.

हे कोण करणार, हा प्रश्न खरा आहे. आज कॉलेजात बरीच माणसं तासिका तत्त्वावर असतात. तासाला मोजून पैसे, तेही महिनोन् महिने रखडलेले, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही याचा पत्ता नाही. अशा मुलाला ‘पंचवीस वर्षांची नोंद ठेव’ म्हणणं ही थट्टा आहे. जो कायम आहे तो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत बुडालेला, आणि नॅकही विचारतं ते पेपर किती, पुस्तकं किती. म्हणून ठेव हवी, आणि ती अक्षयनीवीच हवी. माणूस बदलला तरी मुद्दल तसंच राहील अशी व्यवस्था. वही विभागाची, प्राध्यापकाची नाही. नवा आलेला पुढचं पान लिहील. आणि गुण द्यायचेच असतील तर छापलेल्या पेपराला जेवढे देता त्यातले अर्धे तरी वाचून दाखवल्याला द्या. ग्रामसभेच्या इतिवृत्तात तशी ओळ असली की झालं. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष संशोधनाचं आहे. त्या पोरांना शीर्षक शोधत फिरायला लावण्यापेक्षा ही वही हातात द्यावी.

वाचून दाखवण्यात धोका आहे, तोही सांगते. लोक चिडतात. बोअर किती खोल हे कुणाला चारचौघांत नको असतं, कुणाची विहीर कागदावर एक आणि शेतात दुसरीच असते. मास्तरला गावात राहायचं असतं. काही गोष्टी नावं गाळूनच वाचाव्या लागतील.

माझ्या त्या दिंडोरीच्या पेपरचं सांगायचं राहिलं. निवृत्तीनंतर मला राहवेना. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीमागे मार्करने तो ३६ विहिरींचा तक्ता मराठीत लिहिला आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेले. ‘ऐनवेळचे विषय’ मध्ये सरपंचांनी दहा मिनिटं दिली. मी विहीरवार पातळ्या वाचत गेले, मीटर नाही, परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात. माझा निष्कर्ष असा होता की ओढ्यावरच्या बंधाऱ्यांमुळे पूर्वेकडच्या विहिरींचं उन्हाळी पाणी टिकलंय. एकोणिसाव्या विहिरीला मागून एक आजी म्हणाल्या, ‘बाई, थांब जरा. त्या इहिरीत लाइनीचं पाणी पडतंय.’

‘कसली लाइन, आजी?’

‘धरणावरून आणलेली. रातची चालू असती. तू दुपारची येऊन मोजून गेली.’

सभा हसली. मग बाकीचे बोलू लागले. एकोणीस नाही फक्त, वीस पण. बावीस पण. धरणाचं पाणी पाइपलाइनने आणून विहिरीत सोडायचं आणि तिथून ठिबकला द्यायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी कुणाला विचारलं नव्हतं, कारण प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. शेवटी सात विहिरी निघाल्या. बंधाऱ्यांनी पाणी टिकवलं हा माझा निष्कर्ष मुख्यतः त्या सातांवर उभा होता.

मी मार्कर काढून त्या सात ओळींवर काट मारली. फ्लेक्स अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे, खाली कुणीतरी दोन नव्या बोअरची भर घातली आहे. घरी येऊन मी त्या जर्नलच्या संपादकांना मेल केला की माझ्या लेखात चूक आहे, दुरुस्ती छापावी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. शुद्धिपत्राची आमच्याकडे सोय नाही, नवा पेपर म्हणून पाठवा, फी १२००.